चिठ्ठी बराबर होती

दोस्तांनो, डोकं सणकलंय, म्हणून लिहून राह्यलो.

आज सकाळी जाफराबादकडच्या एक मावशी एसटीनं आमच्या जालन्याच्या जनावरांच्या लॅबमध्ये आल्या. म्हैस गाभडली होती. पडलेला गर्भ कॅरीबॅगमध्ये घालून, मांडीवर घेऊन आल्या. बर्फ न्हाई, डबा न्हाई. सोबत तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी होती. म्हशीचं वय, वेत, सही-शिक्का, सगळं बराबर.

मी हातमोजे घालून पिशवी घेतली. मावशी बघतच राहिल्या.

"साहेब, याला हात लावत न्हाईत का?"

"न्हाई मावशी. म्हैस ज्या रोगानं गाभडते, तो माणसाला लागू शकतो."

"मंग माझ्या सुनेनं तर उघड्या हातानं भरून दिलं! पाचवा महिना हाय तिला."

सुनेला आजच दवाखान्यात न्या, सगळं सांगा, म्हणालो. नमुना सडल्ता. फॉर्मवर 'अयोग्य' लिहिलं.

त्या डॉक्टरला झापायला फोन उचलला आणि आठवलं, मागच्या महिन्यात त्याचं ट्रेनिंग मीच घेतल्तं. चिठ्ठीतला एकही रकाना रिकामा नको, म्हणून तासभर कटकट केल्ती. नमुना उचलणाऱ्या हातांबद्दल एक शब्द बोललो न्हाई.

फोन खाली ठेवला. तुम्ही काय शिकवता तुमच्या ट्रेनिंगमध्ये?