अनफिनने धरलेला दोर

अनफिनच्या हातांची काळजी काही केल्या मनातून जात नव्हती. कॉफीचा कप उचलताना ते थरथरतात, आणि माझी मुलगी रानवाइग त्याच हातांतल्या दोरावर सुलटिन्डचा कडा उतरते.

मेंढ्या डोंगरावरून आणताना एखादी तरी गवताच्या लोभाने समुद्राकडच्या कपारीत जाऊन अडकतेच. तिला लगेच आणायला जायचं नसतं. ताजीतवानी मेंढी माणूस दिसला की उडी घेते, थेट समुद्रात. भुकेने नरम पडली, की एकाने उतरायचं, दुसऱ्याने दोर धरायचा. धरणारा नात्यातला नको, ही आमच्या बेटाची रीत. जीव गुंतलेला माणूस घाबरून चुकतो. म्हणून मला तिथे कुणी फिरकू देत नाही.

अनफिन नात्यातला नाही, रानवाइग त्याला नुसती काका म्हणते; एकटाच असतो. जाळी विणतो. जेवायला बोलावलं तर स्वतःचे बटाटे घेऊन येतो; आमचे म्हणे पाणचट.

आज दोघं भांडतच स्वयंपाकघरात आले.

"शिंगाला हात लागला होता माझा," रानवाइग बूट काढत म्हणाली. "आणि काकांनी दोराला हिसके देऊन वर बोलावलं. कुत्र्याला बोलवावं तसं."

"कुत्रं उलट बोलत नाही," अनफिन म्हणाला.

"पण झालं काय?" मी विचारलं.

"हिच्या डोक्यावरच्या कपारीतले पक्षी एकदम उठले. वारा नाही, गरुड नाही. म्हटलं, दगड हलला असणार."

"हलला होता?"

रानवाइगने मोजे शेगडीजवळ वाळत घातले. "मी वर पोचले आणि दरड आली," ती म्हणाली. "मी होते तिथेच."

मी खुर्चीत बसले. "आणि मेंढी?"

"बाजूला सरकली. मजेत आहे. उद्या पुन्हा जायचंय."

"अनफिन, हात थरथरत नव्हते?"

"थरथरतात की. पण दोराचे वेढे लोखंडी खुंटीला असतात, ओझं ती पेलते. मी बघायला असतो. बटाटे उकडलेस का?"

शेजारच्या तूरमूडला मी परवाच सांगून ठेवलं होतं, यापुढे दोर तू धर. दंडाने बैल आहे तो, पण बोलायला लागला की डोंगराकडे पाठ करतो. रानवाइग आत गाढ झोपली आहे. सकाळी तूरमूड दोर घेऊन निघायच्या आत त्याला फोन करणार आहे: तू येऊ नकोस, अनफिनच जाईल.