कुणीच न बोललेला तुकडा

माझ्या बारशाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला मी इंदिरानगरमधल्या एका माणसाकडे गेले होते. त्याचा एक गुडघा सारखा हलत होता. अशी माणसं मला सहन होत नाहीत.

“खरखर काढायची तर कुणीच बोलत नसलेला एक तुकडा लागतो,” तो म्हणाला. “नुसती खरखर कशी असते ते कॉम्प्युटरला कळायला हवं ना.”

तुकडा सापडेना. कॅसेटवर आत्या, मामा, काकू, सगळे एकदम बोलत होते. इकडे खुर्चीत मीही चुळबुळत होते. आई गेली तेव्हा मी पाळण्यातच होते, आणि तिचा आवाज अजून आलाच नव्हता.

“तुमच्याकडे कुणी गप्प बसतच नाही का हो?” तो वैतागला. मग एकदम म्हणाला, “सापडला.”

त्यानं स्पीकर लावला. वडील म्हणत होते, “अगं, तू पण बोल की काहीतरी. लाजते कशाला?” पुढे नुसती खरखर, आणि मग आत्याचं हसणं.

त्यानं तो तुकडा निवडून बटण दाबलं. सगळी कॅसेट स्वच्छ झाली. मी ती जागा पुन्हा ऐकली. तिथे आता काहीच नव्हतं.

“तेवढी खरखर परत घाला,” मी म्हटलं. “तिथे आई बसलीय.”

त्याचा गुडघा थांबला.