पेंढा खाणारी टाकी

पेंढ्याच्या प्लांटवर काम केलं की अंगाला दोन गोष्टी चिकटतात, कुसं आणि किस्से. कुसं अंघोळीनं जातात. भिसेगावला घरी पोचलो की बायको विचारते, "आज काय नवीन?" मी सुरू झालो की म्हणते, "निम्मंच सांगा, म्हणजे खरं तेवढं उरेल." तर हे निम्मं.

आमचा प्लांट कर्जतहून खालापूरला जाताना आत, शेतांच्या मधोमध आहे. भाताचा पेंढा बारीक करून बंद टाकीत सोडायचा, आतले जंतू तो कुजवतात, त्याचा गॅस होतो आणि त्यावर टेंपो पळतात. जंतू सांभाळतात भोईर मॅडम. टाकी सांभाळतात ठोंबरे मामा. प्लांट उभा आहे ती जमीन मामांचीच. देताना ठरलं होतं, प्लांट चालेल तोवर मामांना नोकरी. म्हणजे टाकी मेली तर जमीन गेलेलीच, वर मामांची नोकरीही गेली.

*

एकदा माझा हातमोजा टाकीत पडला. सुती, वर रबराचे ठिपके असलेला. मॅडम म्हणाल्या, "जंतूंना कापूस काय आणि पेंढा काय, सारखंच. खाऊन टाकतील." आठवड्यानं गाळ गाळायच्या जाळीवर ठिपके सापडले. सूत नाही, फक्त ठिपके. पण विखुरलेले नव्हते. तळवा आणि बोटं, नीट मांडल्यासारखी.

मामांनी वाकून पाहिलं, शांतपणे मोजली आणि मला म्हणाले, "तुझ्या मोज्याला बोटं किती व्हती रं? हितं सहा हायत."

*

हेड ऑफिसनं एक साहेब पाहणीला पाठवले. रसायनीला केमिकल कारखान्यात केस पांढरे केलेला माणूस, सहसा घाबरणारा नाही. त्यांनी टाकीच्या पत्र्याला कान लावला.

"आत कोणीतरी श्वास सोडतंय असं वाटतं."

"हां, सोडतो की दिसभर," मामा म्हणाले. "घेतो कवा, ते आमी अजून ऐकलं नाय."

उरलेली पाहणी साहेबांनी गाडीत बसून केली.

*

मामांच्या मुलीचं लग्न होतं नेरळला. मामा चार दिवस रजेवर. पहिल्याच दिवशी गॅस निम्म्यावर आला. मॅडम म्हणाल्या, पेंढा ओला असेल. पेंढा बदलला. गॅस आणखी खाली. शेवटी मी मामांना फोन लावला. मागे मांडवातली सनई चालू.

"माझा सदरा हाय खुंटीला, न धुतलेला. तो झाकणाला बांध."

बांधला. जेवणाच्या सुट्टीआधी गॅसचा काटा वर. मॅडमनी लॉगबुकात लिहिलं, 'तापमान वाढले.'

"मॅडम, तापमान तर तेवढंच आहे."

"मग काय 'सदरा बांधला' लिहू? हेड ऑफिस वाचतं हे."

तेही ठीक. पण सदरा मी उघडाच बांधला होता. मामा लग्नाहून परत आले तेव्हा त्याची गळ्यापर्यंत बटणं लावलेली होती.

*

पुढचा किस्सा माझ्या चुकीचा, त्यामुळे तो मी फारसा सांगत नाही.

पेंढ्याचा टेंपो आला की मामा एक काडी उपसून दाताखाली धरायचे. एक दिवस थुंकले. "यावर कायतरी औषध मारलंय. ह्यो तो खायचा नाय."

गोदाम रिकामं होतं. मी म्हटलं, "मामा, टाकीला विचारून जेवण वाढायचं का आता?" आणि पेंढा आत सोडायला लावला.

तिसऱ्या दिवशी टाकीतून आंबट वास आला. काटा शून्यावर. मॅडमनी फ्रिजमधलं जंतूंचं राखीव विरजण घातलं, तेही मेलं. हेड ऑफिसचा निरोप आला: पंधरा दिवस बघू, मग बंद.

मला लागेल असा एक शब्दही मामा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता या वयात मी कुनाच्या दारात हुबा राहू रं?"

*

आम्ही पेंढा घालणं थांबवलं. मामा मात्र रोज यायचे, टाकीला तळवा लावून उभे राहायचे, घरी जायचे.

नवव्या दिवशी काटा हलला.

मॅडमनी मीटर बदललं. नवं मीटरही तेच दाखवायला लागलं. त्यांनी नमुना घेतला, दोनदा पाहिला आणि खुर्चीत बसल्या. "यात जंतू नाहीत. एकसुद्धा." गॅस मात्र इतका स्वच्छ कधी आला नव्हता. हेड ऑफिस खूश. प्लांट चालू ठेवा, असं पत्र आलं. मामांची नोकरी राहिली. टाकीत महिनाभर काडीही न घालता टेंपो पळत होते.

मग साफसफाईसाठी टाकी उघडायची वेळ आली. दोन दिवस ब्लोअर लावला, हवा तपासली, खालच्या अंगाचं झाकण काढलं. मी बॅटरी मारली.

गाळ नव्हता. काँक्रीटवर वीतभर पाणी, आणि पाण्यात भाताची रोपं. उजेड न पाहिलेली, पांढरीफटक, ओळीनं लावलेली. वारा नव्हता, तरी हलत होती.

मामांनी वाकून आत पाहिलं.

"ती तिसरी वळ वाकडी हाय बघा," ते म्हणाले. "जमीन दिली त्या साली माझी कंबर धरली व्हती. शेवटली लावणी अशीच वाकडी झाली."

मग ते खाली बसले आणि गमबूट काढायला लागले.

"मामा, बूट नका काढू," मॅडम कशाबशा म्हणाल्या. "सेफ्टीचा नियम आहे."

मामांनी बूट झाकणाशेजारी जोडीनं ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"शेतात पायतान घालून कोन जातं गं?"