लोटनच्या नावाची मूठ

रूपचंदनानांचा लोटन विमान चालवायला शिकायला गेला, तेव्हा नानांनी शिंदखेड्याच्या स्टेशनापर्यंत वाजंत्री नेली होती. महायुद्ध चालू होतं. सरकारला वैमानिक हवे होते आणि नानांना मिरवायला मुलगा हवा होता. दोघांचं जमलं. लोटनला कुणी विचारलंच नाही.

तिकडे पोरांची नुसती गळती लागली होती. कुणी वर गेला की ओकायचा, कुणी घाबरून आपणहून गाशा गुंडाळायचा. लोटनला मळमळ नव्हती, भीतीही नव्हती. त्याचं एकाच ठिकाणी अडलं. उतरताना जमीन किती खाली राहिली, हेच त्याला कळेना. दर खेपेला विमान धाडकन आदळायचं. शेवटी शिकवणाऱ्या साहेबाने एका सकाळी त्याला खाली उतरवलं आणि पुढच्या पोराला हाक मारली. निम्मी तुकडी अशीच घरी गेली. पण त्या पोरांच्या घरी रूपचंदनाना नव्हते.

श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, लोटन घरी पोचला. पाया पडायला वाकला तर नानांनी पाय मागे घेतले. धाकटा भाऊ भिकन त्याला ओट्यावर घेऊन गेला.

"आभायमा इमान दिसनं का नाना वरडेत, 'मना लोटन उडी ऱ्हायना!' बठ्ठं गाव देखाले ये."

सांगताना भिकनला हसू आवरेना. इतके दिवस त्याला घरात कुत्रं विचारत नव्हतं.

दुपारी नाना रोटाचे गहू मोजायला बसले. घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, अशी रीत. त्याच पिठाचे रोट कानबाईला, आणि ते खायचे फक्त घरच्यांनी. गेल्या साली पहिली मूठ लोटनची होती, तो घरात नसतानाही. आज नानांनी स्वतःची घातली, भिकनची घातली आणि हात झटकले.

"लोटननी मूठ ऱ्हायनी," लोटनची आई सुंदरबाई म्हणाली.

"उडाले गया तो मना पोऱ्या. हाऊ कोन शे, माले माहीत नही."

आई भांडेल, असं लोटनला वाटलं. सुंदरबाईने सूप उचललं आणि ती जात्यावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी घरचे देवीपुढे रोट खायला बसले. लोटनला आईने ओट्यावर भाकरी आणून दिली, सालदाराला देतात तशी. "पोटभर खाय," म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. साहेबाने हाकललं तेव्हा त्याला एवढं लागलं नव्हतं.

तेवढ्यात आभाळात घरघर झाली. दार उघडलं. हातातला रोट तसाच धरून नाना बाहेर धावले, लोटनला ओलांडून अंगणात उभे राहिले आणि मान वर करून ओरडले, "मना लोटन! मना लोटन उडी ऱ्हायना!"

गल्लीतली माणसं घराघरातून बाहेर आली. वर कुणीच बघत नव्हतं. सगळे ओट्यावर भाकरी घेऊन बसलेल्या लोटनकडे बघून हसत होते.