दोर कोणी ओढायचा

हिंदी मुलखातल्या सिलतऱ्याच्या आमच्या कारखान्यात भट्टी बंद करून आतली सफाई करायची होती. त्याआधी आमच्या टोळीला एक दिवसाचं ट्रेनिंग लावलं. एकमेकांशी नीट बोला, अडचण आली तर मिळून सोडवा, वगैरे. सकाळी खुर्च्या गोल मांडून आम्ही टाळ्या वाजवल्या, चेंडू फेकले. पन्नाशीला टेकलेल्या माणसांची ही बालवाडी पाहून मी मनातल्या मनात दातओठ खात होतो.

दुपारी मात्र खरा खेळ आला. यार्डातल्या रिकाम्या, धुतलेल्या पाण्याच्या टाकीत एकानं कमरेला दोर बांधून शिरायचं. बाहेरचे अधूनमधून दोर ओढणार, आतल्यानं उलट ओढून ठीक आहे म्हणून कळवायचं. उत्तर आलं नाही, तर विचार करत न बसता माणूस बाहेर खेचायचा. मलाच आत पाठवलं, कारण सफाईच्या दिवशी भट्टीमागच्या राखेच्या चेंबरमध्येही मीच जाणार होतो. त्या चेंबरमध्ये कधी गॅस राहून जातो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस जरा टेकतो आणि उठतच नाही.

मी शिरणार तेवढ्यात ट्रेनर मॅडम हळूच म्हणाल्या, "भैया, दूसरी बार रस्सी हिले तो जवाब मत देना. देखते हैं, ये लोग क्या करते हैं." मला गंमतच वाटली.

आत काळोख होता आणि बाहेरचा शब्द न् शब्द घुमून कानावर येत होता. पहिल्यांदा दोर हलला, मी ओढला. दुसऱ्यांदा हलला, मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

"जवाब नहीं आया," कोणीतरी म्हणालं.

"पुन्हा ओढ." हा माझा मित्र. आमच्याच पाऱ्यातला, वस्तीतला मराठी माणूस, इतकी वर्षं एका डब्यात जेवलेलो आम्ही. दोर पुन्हा हलला. मी ओढला नाही.

"मले वाटते मजाक करून राहिला तो. त्याची आदतच आहे," मित्रच म्हणाला.

"खींच लें क्या?"

"थांब न. साहेबांले विचारू."

"साहब फोन पर हैं."

दोर सैलच पडून राहिला. आमच्या सुपरवायझर साहेबांचं बोलणं मला आत स्पष्ट ऐकू येत होतं, जावयाच्या गाडीचं काहीतरी चाललं होतं. आमच्याकडे साहेब हो म्हटल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नाही. मीही लावत नाही.

टाकीचं तोंड उघडं होतं, हवा येत होती, एक हाक मारली की संपलं असतं. सगळं कळत होतं. तरी मी भ्यालो, लहान पोरासारखा भ्यालो. ही माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती माझीच होती, माझ्यावर जीव असलेली, आणि तरी त्यांच्या हातात दोर असताना मी मेलो असतो.

शेवटी मीच दोर ओढला. बाहेर टाळ्या पडल्या.

"पाह्य, म्हटलं नव्हतं मी!" मित्र खूश होता. मी बाहेर आलो. मॅडम काही सांगायला लागल्या, तेवढ्यात साहेब फोन ठेवून आले, "हो गया? बढ़िया" म्हणाले आणि सगळ्यांचा फोटो निघाला.

मी मित्राला बाजूला घेतलं. "ओढला काहून नाही रे?"

तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचं हसणं थांबलं. "साहेब..." एवढंच म्हणाला.

सफाईच्या दिवशी चेंबरमध्ये मीच गेलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती. गॅस तपासून झाला होता, दोर मित्राच्याच हातात होता. आत पाय ठेवला आणि त्यानं विचारायच्या आधीच मी दोर ओढला. थोडी राख ओढली की दोर ओढत होतो. काम राहिलं बाजूला, माझं लक्ष सगळं कमरेशी.

चेंबरच्या तोंडाशी वाकून तो ओरडला, "अबे, किती ओढशील! समजलं न, जित्ता आहेस!"

मी पुन्हा ओढला.