बैठकीतली खुर्ची

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही आणि सख्ख्या बहिणीपाशीही नाही – जिला मी सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं तेसुद्धा फोन करून सांगते. तुम्हाला का सांगते आहे? नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे, एवढंच.

ओळखत असतात, तर भाषणं करणारी बाई म्हणून ओळखत असतात. जळगावात एका हायस्कुलात मी मराठी शिकवते, महिला मंडळ चालवते, आणि मार्च महिना आला की मला श्वास घ्यायला फुरसत नसते. आज जामनेर, उद्या धुळे, परवा कुठल्यातरी बँकेतल्या बायकांसमोर. शाल, श्रीफळ, गुलाबाचं एक दमलेलं फूल. विषय ठरलेला – बाईनं बाईच्या पाठीशी उभं राहायला हवं. मी बरी बोलते. बायका रडतात. एकदा तर माइकवाल्याचेही डोळे भरून आले होते, आणि त्याचा मला किती दिवस अभिमान होता म्हणून सांगू!

ही अशी बाई मी. आता पुढचं ऐका.

आमचं घर मेहरूणमध्ये, जोडघरांच्या गल्लीत. आमच्या आणि सुरेखाच्या घरात एकच भिंत आहे, तीसुद्धा बिल्डरनं हात राखून बांधलेली. पलीकडे डबा पडला तरी अलीकडे कळतो. सुरेखा पिंपळनेरकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा अगदी पोरसवदा होती. हसरी, कामाला वाघ. नवऱ्याचं पाइपांचं दुकान. माणूस चारचौघांत गोड, मला लांबूनच हात जोडणारा. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल, तर सांगते – मे महिन्यात दुपारी गावात कुत्रंही दिसत नाही. दुकानांची शटरं खाली येतात, पुरुष घरी जेवायला येतात, घराघरात कूलर घरघरत राहतात. तो तिला मारायचा तो याच वेळी. जेवणानंतर.

मला कसं माहीत? मी ऐकायचे.

हे सरळ लिहायलाही मला इतका वेळ लागला बघा. मी ऐकायचे. आधी ताटाचा आवाज. मग त्याचा दबका आवाज, मग तिचा – आणि मग काहीच नाही. ते काहीच नसणं सर्वांत वाईट असायचं. त्या वर्षी आमच्या कूलरची मोटर जळाली होती. वायरमन आज येतो, उद्या येतो करत होता, आणि सुरेखा रोज कुंपणावरून विचारायची, “ताई, आला का तो?” विचारताना तिच्या गालावर बोटं उमटलेली असायची. आणि मी काय सांगायचे? मी वायरमनला शिव्या घालायचे.

गल्लीत सगळ्यांना कळलेलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात बिबडे करायची पद्धत आहे – ज्वारी भिजवून दळायची, लसूण-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या धोतरावर पातळ थापायचा. एकटीचं काम नव्हेच ते. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. सगळ्या जणी ऊन चढायच्या आत जमतात, एक ढवळते, चार जणी थापतात, पोरं वाटीत गरम घाटा आणि वर कच्चं तेल घेऊन मधेमधे करतात. थापायला वाकलं की बाह्या वर सरकतात. सुरेखाच्या दंडावरचं काळंनिळं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग आम्ही मिरचीबद्दल बोललो – यंदाची फार तिखट निघाली म्हणून.

त्याच दिवशी बाकीच्या चहाला खाली गेल्या आणि ती माझ्यापाशी मागे राहिली. म्हणाली, “ताई, रविवारी बैठक आहे. माझे वडील येणार आहेत. ते मला घेऊन जायला तयार आहेत, पण सासरचे म्हणतात, पोरगी कांगावा करते. बाहेरचं कोणीतरी बोललं पाहिजे. तुम्ही फक्त जे ऐकता तेवढं सांगा.”

माझे हात घाट्यानं भरलेले होते. मी म्हणाले, “मी आहे ना!” तिनं डोळे पुसले आणि पुन्हा थापायला बसली. केवढी खूश झाले होते मी स्वतःवर! मनात सगळं बोलूनही टाकलं – कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा.

बैठक म्हणजे काय, तेही सांगायला हवं. नवरा-बायकोचं बिनसलं की कोर्टाच्या आधी दोन्हीकडची जाणती माणसं एकत्र बसतात. चहा होतो, जुने उपकार निघतात, मग निवाडा होतो. पुरुष बाहेरच्या खोलीत. बायका आत, स्वयंपाकघराच्या दाराशी. जिचा संसार मोडायचा की जोडायचा ते ठरत असतं, तीही आतच.

रविवारी मी सुरेखाकडे गेले तर मला बाहेर खुर्ची दिली.

सुरेखाच्या नवऱ्याचे चुलते – सगळे त्यांना आबा म्हणतात, वजनदार माणूस – स्वतः उठले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही इथे बसा. तुमच्यासारखी शिकलेली बाई बैठकीत पाहिजे. आता जमाना बदलला.” पुरुष सरकले. खुर्ची माझ्यासाठी पुसली गेली. आमच्या गल्लीत, त्या माणसांच्या बैठकीत, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली पहिली बाई मी. तुम्हाला हसू येईल, पण मला त्या क्षणी वाटलं, हेच तर आपण मागत आलो! हीच जागा. मी पदर सावरून ताठ बसले. चहासुद्धा मला आबांच्या आधी मिळाला.

बोलणं सुरू झालं. सुरेखाचा नवरा म्हणाला, कधीतरी एखादी चापट, कोण नाही मारत. सुरेखाचे वडील नुसतेच खाली पाहत राहिले. साधा शेतकरी माणूस, शहरातल्या सोफ्यावर अवघडलेला. शेवटी आतल्या दारातून तिची आई बोलली, आपल्या अहिराणीत. तेवढा एकच बाईचा आवाज. “मनी पोर खोटं बोलत नही. ह्या ताई शेजारले ऱ्हातस. त्यासले इचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. आबा हसून म्हणाले, “बरोबर आहे. मॅडम सांगतील ते आम्हाला मान्य. मॅडम आपल्यातल्याच आहेत.”

आपल्यातल्याच. यात काय होतं एवढं? धमकी नव्हती. माझी नोकरी त्यांच्या हातात नव्हती, माझ्या नवऱ्याचं त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. एखादं मोठं कारण असतं तर मी आज ते तुमच्यापुढे ठेवलं असतं, आणि माझं मलाही जरा बरं वाटलं असतं. कारण एवढंच, की त्या पुरुषांत मी चांगली दिसत होते. समजूतदार. आततायी नसलेली. मी बोलले असते तर त्याच क्षणी मी आत दाराशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एक झाले असते – आणि मला बाहेर बसायचं होतं.

मी म्हणाले, “दुपारी कूलर चालू असतो हो आमच्याकडे. मला काही ऐकू येत नाही.”

असं म्हणाले मी. आणि मग, न विचारता, आणखी थोडं – संसार आहे, दोघांनी समजून घ्यावं, लेकरू लहान आहे.

कुणालाच शंका आली नाही. मे महिन्यात जळगावात कूलर चालू असणारच! एकीला मात्र माहीत होतं. मी दाराकडे पाहिलं – पाहायचं नव्हतं, पण मान वळली. सुरेखा आईच्या मागे उभी होती. तिला एकच वाक्य बोलायचं होतं – ताईंचा कूलर तर बंद पडलाय. गल्लीतल्या कोणीही त्याची साक्ष दिली असती. ती बोलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग ट्रे घेऊन रिकामे कप गोळा करायला बाहेर आली. माझाही कप तिनंच उचलला.

ती का गप्प राहिली? मला लाज वाटू नये म्हणून? की जिच्या भरवशावर उभी होती तीच गेली, आता बोलून काय, असं वाटलं तिला? इतकी वर्षं मी यावर विचार करते आहे आणि मला उत्तर सापडत नाही. तिला विचारायची हिंमत तर नाहीच.

संध्याकाळच्या गाडीनं तिचे आईवडील परत गेले. ती राहिली.

पुढे वायरमन आला. मोटर बदलली. आणि मी कूलर लावू लागले – रोज दुपारी, जेवणं झाली की. पावसाळ्यात लावला. नंतर थंडीत, अंगावर शाल घेऊन लावला. नवरा म्हणाला, वेड लागलं का तुला? मी म्हटलं, सवय झाली आहे, आवाजाशिवाय डोळा लागत नाही. आता मला खरोखरच काही ऐकू येत नव्हतं.

त्यातल्याच एका दुपारी सुरेखाचं डावं मनगट मोडलं. मोरीत पाय घसरला, असं ती म्हणाली. गल्लीतल्या सगळ्या म्हणाल्या, मोरीत घसरतोच पाय. मीही म्हणाले. हाड वाकडं जुळलं. आता ती बिबडे थापत नाही, नुसती ढवळायला बसते. अलीकडे तो मारत नाही म्हणे, त्याला साखर निघाली आहे, थकला आहे. म्हणजे सुटली कशी ती – तर त्याच्या आजारपणानं. तिच्यासाठी एकाही बाईनं काही केलं म्हणून नव्हे.

आणि तिचं माझ्याशी वागणं? तसंच. पहिला बिबडा भाजला की माझ्याकडे येतो. मी आजारी पडले तेव्हा भाकरी तिच्या घरून आली. ती भांडली असती, पाठ फिरवली असती तर मी कदाचित निभावून नेलं असतं. हे मात्र निभत नाही.

तिची मुलगी पूर्वा बैठकीच्या वेळी दुसरीत होती. आता बारावीत आहे, माझ्याहून उंच झाली आहे, आणि जिभेला धार! कॉलेजात चार मुलींचा गट केला आहे तिनं. एखादा पोरगा कुणाच्या मागे लागला की चौघी मिळून त्याच्या घरी जातात, थेट आईपुढे. मला फार आवडतात त्या पोरी. मला त्यांची भीतीही वाटते.

यंदा तिनं वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. विषय होता स्त्रियांची एकजूट आणि उद्याचा काळ. तयारीसाठी माझ्याकडेच येणार, दुसरीकडे कुठे जाणार? वही मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, “मावशी, मी पुस्तकातलं काही बोलणार नाही. नावं न घेता आपल्या घरचं सांगणार आहे.” मग म्हणाली, “आईनं मला सगळं सांगितलंय. भर बैठकीत तुम्ही एकट्या उठून आईच्या बाजूनं बोलला होतात. त्या लोकांनी ऐकलं नाही, ते जाऊ द्या. पण तुम्ही बोललात. तुम्ही नेमकं काय बोलला होतात, मावशी? मला तसंच्या तसं घ्यायचंय.”

सुरेखानं हे पोरीला का सांगितलं असेल? मुलीला वाढवताना एक तरी बाई आपल्या बाजूनं होती असं सांगावंसं वाटलं असेल तिला? आणि तशी कुणी नव्हतीच, म्हणून मलाच उभं केलं? मी खरं सांगावं तर त्या मुलीच्या मनातून मी जाईन – ते जाऊ द्या, मी जायलाच हवी – पण तिची आईही खोटी ठरेल. असा विचार मी केला. निदान आता आठवताना तरी असाच केला असं वाटतं. तेव्हा मनात खरंच काय होतं, याची खात्री मी कशी देऊ? पुन्हा एकदा एक खुर्ची पुसून माझ्यासमोर ठेवली गेली होती.

मी सांगितलं. शब्द शोधावेही लागले नाहीत, गच्चीवर रचलेले तयारच होते. “लिही,” मी म्हणाले. “‘या भिंतीपलीकडे मी राहते. हिचं रडणं मी रोज ऐकते. आज तुम्ही ऐका.’” पूर्वानं लिहून घेतलं. एक विरामचिन्हही मी दुरुस्त केलं.

स्पर्धेला आम्ही तिघी गेलो. पूर्वा बोलायला उभी राहिली तेव्हा सभागृहात मागे पोरांची कुजबुज चालू होती. त्या वाक्यांपाशी आली आणि सगळं थांबलं. ती तिन्ही वाक्यं तिनं मी कधी म्हटली असती त्याहून साधी म्हटली. मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सुरेखा माझ्या शेजारी बसून समोर बघत होती. तिच्याकडे पाहायचं धाडस मला झालं नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. रिक्षात पूर्वा आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती, ट्रॉफी मांडीवर. एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी, खरंच असंच बोलला होतात ना? अगदी हेच शब्द?”

मी तोंड उघडलं. माझ्याआधी सुरेखा म्हणाली, “हो. असंच बोलल्या होत्या.”