बिनपायांच्या मूर्तीची बैठक

नामाभाऊ गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. मी जळगावला मुलीकडे होते. शेजारच्यांच्या फोनवर नामाभाऊंच्या जावयाचा निरोप आला, तशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. साक्री रोडवरच्या त्यांच्या वर्कशॉपचं शटर खाली होतं. बाहेर कुणा शेतकऱ्याचा मोटारपंपाचा स्टँड अर्धवट जोडलेला पडून होता. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, चहा पिऊन कामाला बसले, छातीत कळ येते म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नव्हतं. या गोष्टीला आता महिना झाला. सांगायला हवं ते त्यांच्या एका कामाबद्दल, कारण गेट, खिडक्यांचे गज आणि पंपाचे स्टँड करणारे नामदेव मिस्तरी सगळ्यांना माहीत होते. ते काम मात्र धुळ्यातसुद्धा फार थोड्यांना माहीत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी धुळ्यातल्या एका संस्थेच्या लहानशा वस्तुसंग्रहालयात नोकरीला होते. खानदेशातल्या गावागावांतून, नदीपात्रांतून आलेल्या दगडी मूर्ती वर्षानुवर्षं व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. दोन-तीन तर कुणीतरी घोट्यापर्यंत सिमेंटमध्ये रोवून टाकल्या होत्या. नवं दालन बांधून झालं, उद्घाटनाचा दिवस ठरला आणि या मूर्ती उभ्या कशावर करायच्या, असा प्रश्न आला. मुंबईहून जाणकार माणूस येतो येतो म्हणाला आणि आला नाही. त्या वेळी नामाभाऊ दालनाच्या खिडक्यांना गज बसवत होते. मी सहज त्यांना विचारलं. हातातलं काम संपवून ते व्हरांड्यात गेले आणि प्रत्येक मूर्तीमागे उकिडवे बसून तिची पाठ बघत राहिले. समोरून त्यांनी एकही मूर्ती पाहिली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

त्यांची पद्धत साधी होती आणि ती त्यांनी स्वतःच शोधली होती. शिशाची मऊ तार मूर्तीच्या पाठीवरून, कमरेवरून दाबत न्यायची, तिला आलेला बाक पुठ्ठ्यावर उतरवायचा आणि तशीच लोखंडी सळई वाकवायची. वाकवून बघायची, पुन्हा तापवायची, पुन्हा बघायची. लोखंड दगडाला लागू नये म्हणून आतून शिशाचा पत्रा. अशा दोन-तीन पकडींत मूर्ती नुसती बसलेली असे, आणि दोन स्क्रू सैल केले की जशी आली तशी उचलून नेता येई. एका मूर्तीला आठ-आठ दिवस लागत. संस्थेचे सचिव घाईला आले. त्यांनी सुचवलं की मूर्तीला खालून भोक पाडून गज घाला, तासाभराचं काम आहे. नामाभाऊंनी नकार दिला. सचिव गेल्यावर मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की तरुणपणी एका देवळाच्या दगडी द्वारपालाला त्यांनीच असं भोक पाडलं होतं. मालकाने सांगितलं म्हणून पाडलं, आणि त्यांच्या हाताखाली चीर द्वारपालाच्या गुडघ्यापर्यंत वर गेली. ऑफिसात ते शहरी मराठी बोलत, पण हे सांगताना आपल्या बोलीवर आले. "ताई, एकदाव पाडेल भोक बुजत नही."

त्या मूर्तींमध्ये एक बाई होती. काळ्या दगडाची, कडेवर मूल घेतलेली, घोट्याच्या वर तुटलेली. गिरणा नदीच्या वाळूत भडगावच्या बाजूला सापडलेली, एवढीच तिची नोंद होती. तिच्या पायांच्या तुटलेल्या काठावर नामाभाऊंनी तार दाबली, पुठ्ठ्यावर रेघ काढली आणि त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसले... मग म्हणाले, हे पाय मी बघितले आहेत.

रविवारी आम्ही दोघं एसटीने त्यांच्या सासुरवाडीला गेलो. गिरणेच्या काठचं गाव. गावाबाहेर निंबाखाली एका दगडावर दोन पावलं होती, शेंदराने माखलेली. गाव त्यांना पाऊलआई म्हणे आणि नवं मूल महिन्याचं झालं की आधी तिथे आणून टेकवी. देखभाल करणाऱ्या अक्का सत्तरीच्या होत्या, वहिनींच्या चुलत मावशी. नामाभाऊंनी त्यांची परवानगी घेऊन पुठ्ठा पावलांवर धरला. रेघ पावलांच्या तुटलेल्या काठाशी जुळली, उजवीकडच्या एका टवक्यासकट. मला आनंद लपवता आला नाही. अक्कांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "पाय लेवाले उनात का?"

मी समजावू लागले की पाय नेऊन मूर्ती एक झाली तर किती बरं होईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग वरली बाई आठेच आना ना."

बाईनेच इथे पायांकडे यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी सोमवारी मी सचिवांना सगळं सांगितलं आणि त्यांच्या सांगण्यावरून पावलं ताब्यात घ्यावीत असा कलेक्टर कचेरीसाठी अर्जही लिहिला. मला तेव्हा ते माझं कामच वाटत होतं. नामाभाऊंना शिपायाकडून कळलं. ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. बाई गोणपाटावर आडवी पडून होती आणि उद्घाटन दहा दिवसांवर आलं होतं. मी वर्कशॉपला गेले. ते गेटला वेल्डिंग करत होते. हातातलं संपेपर्यंत त्यांनी मला उभं ठेवलं. मग म्हणाले, "तुम्हाला मी तिथे नेलं. उद्या तिथे पोलीस गेले, तर ते मीच नेले असं होईल."

अर्ज अजून माझ्याच टेबलाच्या खणात होता. मी परत जाऊन सचिवांना सांगितलं की तो मी पाठवणार नाही, त्यांना हवा तर त्यांनी स्वतःच्या सहीने पाठवावा. ते चिडले, महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, पण त्यांनीही तो पाठवला नाही. नामाभाऊ दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले.

त्यांनी बाईला मागून तीन पकडींत उभं केलं. मात्र तुटलेल्या पायांखाली वीतभर जागा मोकळी सोडली, पावलांच्या मापाची. सचिव म्हणाले, हे अधांतरी लटकल्यासारखं दिसतं, खाली टेकवा. नामाभाऊंनी सांगितलं, तिची उंची एवढीच आहे. बघणाऱ्यांचं मात्र उलट झालं. रिकाम्या जागेकडे बघून लोक आपणहून पायांची चौकशी करत आणि मी गावाचं नाव सांगत असे.

दोन-एक वर्षांनी अक्का गावातल्या पाच-सहा बायकांना घेऊन आल्या, बरोबर नामाभाऊ होते. चपला दाराशी काढल्या. बाईच्या कडेवरच्या मुलाला हात लावला, मग खाली वाकून मोकळ्या जागेत आपली वीत घालून पाहिली. "हाई जागा आमना पायसनी शे," एवढंच बोलल्या. पाय द्यायचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. जाताना मात्र त्यांनी नामाभाऊंना सांगितलं, की निंबाखालचा दगड पावसाळ्यात खचतो, त्याला पक्कं काहीतरी करून दे. नामाभाऊंनी ते केलं असं पुढे कानावर आलं. मी कधी बघायला गेले नाही. बदललेल्या नोकऱ्या, मुलीचं लग्न, जळगावला येणं... राहून गेलं.

गेल्या आठवड्यात वहिनींबरोबर गेले. अक्का आता नाहीत, त्यांची सून बघते. पावलं आता पाणी निघून जाईल असा उतार दिलेल्या एका बुटक्या, भक्कम बैठकीवर आहेत. मागून तीन सळया वर गेल्या आहेत. त्यांवर झेंडूचे हार लटकत होते, एकीला कुणी नवसाच्या हिरव्या बांगड्या अडकवल्या होत्या. मी सळयांकडे बघत राहिले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हार टांगाले करेल शेतस."

मी एक हार बाजूला सरकवला. सळईचं टोक कमरेच्या बाकात वळलेलं होतं आणि आतून शिशाचा पत्रा लावलेला होता. दुसऱ्या दोन्हींनाही होता. हारासाठी शिशाचा पत्रा कुणी लावत नाही. वरली बाई कधी काळी इथे आलीच, तर तिला उभं राहता यावं, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं, घरातसुद्धा नाही.

वहिनींना मी ते सांगितलं. मग त्यांनी तिन्ही सळयांवरचे वाळलेले हार उतरवले, पदराने आतला पत्रा पुसला आणि ताजा हार खाली, पावलांवर ठेवला.